पायाखालच्या पेट्या

नाटकाचं परीक्षण छापून येतं, सिनेमाचं येतं, कवितासंग्रहाचं तर कवीच्या मित्रांनी लिहिलेलं दोन-दोन ठिकाणी येतं. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी ज्या लाल, पिवळ्या, हिरव्या पत्र्याच्या डब्या मांडलेल्या असतात, त्यांच्या वाट्याला मात्र समीक्षक येत नाही. या डब्यांना पेडल म्हणतात. तरुण मंडळी 'इफेक्ट्स' म्हणतात. इफेक्ट नक्की कोणावर होतो ते शेजाऱ्यांना विचारावं.

खरं म्हणजे हे काम सांगलीकरांनी अंगावर घ्यायला हवं होतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून या गावाला कलेची परीक्षा करायची सवय आहे. पुढे संगीत नाटकं आली आणि त्यांच्याबरोबर पायपेटी आली, ऑर्गन आला. ऑर्गनवाला पायांनी भाता चालवायचा आणि हातांनी नटाला सांभाळायचा. तेव्हा पायाने सूर हलवण्याची विद्या कृष्णाकाठाला नवीन नाही. फरक एवढाच, की पायपेटीवाल्याचा पाय थांबला की सूर थांबे. पेडलवाल्याचा पाय एकदा पडला की सूर थांबवायला वडीलधाऱ्यांना मेन स्विचपर्यंत जावं लागतं.

माझा या विषयाशी संबंध आला तो भाच्यामुळे. मी साताऱ्याचा, तो सांगलीला इंजिनिअरिंग शिकतो. शिकवण्या घेऊन त्याने पंधरा हजार रुपये साठवले आणि अकरा पेडलांची यादी केली. गिटार हातात येऊन चार महिने झाले होते. तीन कॉर्ड बसल्या होत्या आणि एफ नावाच्या चौथ्या कॉर्डशी उभा दावा चालू होता. बहिणीने मला फोन केला, "दादा, तू बँकेत आहेस, जरा त्याची यादी तपासून दे." आमच्या घराण्यात असा समज आहे की ज्यात आकडे आहेत ते सगळं मला कळतं. कर्ज मंजूर करायचा अधिकार मला बँकेतसुद्धा नाही हे मी बहिणीला सांगितलेलं नाही. शनिवारी एस.टी.त बसलो. सवाशे किलोमीटरांच्या प्रवासात यादी दोनदा वाचली.

यादीत पहिल्या पाचांपैकी चार डब्या एकाच जातीच्या होत्या. ओव्हरड्राइव्ह, दुसरा ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ. हा प्रकार मला चटकन समजला, कारण माझं आयुष्य ओव्हरड्राफ्टमध्ये गेलं आहे. (स्वतःच्या नव्हे, गिऱ्हाइकांच्या.) गिटारच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी. तार हलली की त्या वेटोळ्यात विजेची अगदी क्षीण लहर उठते. ती मोठी करायचं काम अँप्लिफायरचं. पण अँप्लिफायरची ऐपत ठरलेली. ऐपतीबाहेर मागितलं की लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज खरखरतो. खात्यात पाच हजार असताना आठ हजारांचा चेक फाडावा, तसंच हे. आमच्याकडे चेक परत जातो आणि वर दंड बसतो, तिकडे टाळ्या पडतात. माथा हलकेच दबला तर ओव्हरड्राइव्ह, सपाट छाटला गेला तर डिस्टॉर्शन, आणि लहर पार चौकोनी होऊन बसली तर फझ. आमच्या भाषेत अनुक्रमे अनियमित, थकीत आणि बुडीत.

या आवाजाचा इतिहास वाचला तर तो सगळा मोडतोडीचा आहे. १९५८ साली लिंक रे नावाच्या अमेरिकन माणसाने लाउडस्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ साली इंग्लंडात किंक्स या मंडळीतल्या डेव्ह डेव्हिसने तेच काम रेझर ब्लेडने केलं. त्याआधी १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका रेकॉर्डवर गिटारचा सूर असा काही घोगरा उमटला की लोक चकित झाले. स्टुडिओतल्या यंत्राचा एक भाग बिघडला होता, एवढंच. आपल्याकडे असता तर मेकॅनिक बोलावला असता. तिथल्या ग्लेन स्नॉडी या साउंड इंजिनिअरने बिघाड दुरुस्त करण्याऐवजी तो मुद्दाम करणारं सर्किट तयार केलं, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझटोन' नावाने ती डबी बाजारात आणली. सुरुवातीला तिला फारसं कोणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि दुकानांत डब्या पुरेनात. बिघडलेली वस्तू बिघडलेलीच म्हणून विकण्याचा एवढा प्रामाणिक धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता समीक्षा. डिस्टॉर्शनचा गुण असा की तार छेडल्यावर सूर लांबतो. नुसतं बोट लावलं तरी दारावरून ट्रक गेल्यासारखं काहीतरी भव्य होतं. जोरात छेडा, हळू छेडा, आवाज तेवढाच. नवशिक्याच्या हाताला वजन नसतं, एक सूर मोठा पडतो, एक बारीक पडतो, ते सगळं झाकलं जातं. दोष असा की झाकायला घातलेली चादर स्वतःच फाटकी असते. ज्या तारा वाजायला नकोत त्या तळव्याने दाबून गप्प ठेवाव्या लागतात. ते साधलं नाही तर डिस्टॉर्शन त्यांचीही कुजबुज उचलून सभेत जाहीर करतं. आणि चार-पाच सुरांची भरलेली कॉर्ड त्यातून घातली तर सुरांचं पिठलं होतं. म्हणून तर रॉकवाले बहुतेक वेळा दोनच सुरांची पॉवर कॉर्ड वाजवतात. मला आधी वाटलं होतं, आळस असेल.

भाच्याला मी विचारलं, "चार कशाला रे?"

"मामा, प्रत्येकाचा टोन वेगळा असतो."

"तुझा कुठला?"

"तो पेडल घेतल्यावर कळणार ना!"

यावर मी काही बोललो नाही. रविवारी सकाळी त्याला घेऊन मिरजेला गेलो. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर, पण सांगलीची माणसं मिरजेला दवाखान्याशिवाय सहसा जात नाहीत.

मिरज हे भोपळ्यातून सूर काढणारं गाव. (मी शाळेत भोपळे पुष्कळ काढले, सूर एकही निघाला नाही.) पंढरपूर भागातून वाळलेले मोठाले भोपळे इथं येतात आणि त्यांचे तंबोरे, सतारी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी या धंद्याला सुरुवात केली. घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, मग तेच हात सतारीकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढी पुण्याई दहा किलोमीटरांवर असून भाच्याने तंबोरा जवळून पाहिला नव्हता.

आम्ही गेलो त्या दुकानात एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा धारदार नसतो, रुंद आणि किंचित उतरता असतो. तार हलली की त्या उतारावर घासत-टेकत राहते आणि मूळ सुराच्या अंगातले वरचे बारीक सूर एकामागून एक सुटे होतात. तो उतार कानसेने आणि पॉलिश पेपराने केसाएवढा केसाएवढा घासायचा. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. त्याला जीवा म्हणतात. दोरा जागेवर नसेल तर तंबोरा नुसता टणटण करतो. योग्य जागी आला की एकदम असं वाटतं की खोलीत कोणीतरी दिवा लावला.

बुवांनी दोरा बोटाने थोडा मागे घेतला, थोडा पुढे केला. त्या टिचभर हालचालीत आवाज मिटला आणि उघडला. भाचा पुढे सरकून बसला.

"आजोबा, हे किती वेळात होतं?"

"जमलं तर तासाभरात," ते म्हणाले. "नाही जमलं तर उद्या या."

येताना रिक्षात भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, हा पेडलच आहे की. विजेशिवायचा."

वाक्य त्याचं आहे, मी फक्त टिपून घेतलं. अमेरिकेतही हे फार पूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आलेलं होतं. १९६७ साली डॅनइलेक्ट्रोवाल्यांनी विनी बेल या गिटारवादकाच्या साथीने 'कोरल' नावाची विजेची सतार काढली. तिची सारी करामत म्हणजे एक जवळजवळ सपाट घोडी, तार तिच्यावर झणझणावी म्हणून. पुढे इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने तर 'रविश सितार' नावाचा पेडलच आणला. गिटार वाजवा, डबीतून सतार ऐका, तरफांसकट. म्हणजे मिरजेचा मुलगा सांगलीत बसून अमेरिकेतली डबी मागवणार आणि तिच्यातून मिरज ऐकणार. आयात-निर्यातीच्या खात्यात ही नोंद कुठल्या बाजूला घालायची ते बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

मिरजेत झालं म्हणून थोर आणि पत्र्याच्या डबीत झालं म्हणून हलकं, असली समीक्षा मी करणार नाही. तसं बघितलं तर जवारी हासुद्धा एक जपलेला दोषच आहे. तार घोडीला घासणं हे गिटार दुरुस्त करणाऱ्याच्या लेखी गाऱ्हाणं असतं. मग चांगला दोष आणि वाईट दोष ओळखायचा कसा? मला सापडलेली कसोटी साधी आहे. तार हळू छेडून पाहावी. तंबोऱ्यावर बोट हलकं पडलं की जवारीही हलकी बोलते. चांगला ओव्हरड्राइव्हही तसाच वागतो. हात हलका ठेवला, किंवा गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला, की खरखर विरते आणि मूळ सूर दिसू लागतो. जोर दिला की परत गुरगुरतो. हे ज्या डबीला जमतं ती विकत घ्यावी. जी हळूलाही ओरडते आणि जोरालाही ओरडते, ती कितीही नामवंत असो, नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. एवढ्या एका कसोटीवर चारांपैकी तीन गळाल्या.

यादीतली पुढची वाह. हिचं नाव ऐकताच मला उमाळा आला. १९६६-६७ च्या सुमारास व्हॉक्सवाल्यांनी काढलेली ही डबी पायाने शिलाई मशीनच्या पायट्यासारखी पुढे-मागे करायची. आतली योजना एवढीच की पुढे दाबलं तर बारीक तीक्ष्ण आवाज उठून दिसतात, मागे केलं तर जाड, बोदले. माणसाचं तोंड मिटून उघडावं तसं ते ऐकू येतं. वा! म्हणजे वाजवणाराच स्वतःला दाद देतो. ज्याच्या मैफलीला श्रोते येत नाहीत त्याची ही मोठीच सोय. पण आपल्या मैफलींत पुढच्या रांगेत एक गृहस्थ असतात, प्रत्येक सुराला 'वाहवा' करणारे, गवयाने नुसता घसा साफ केला तरी मान डोलावणारे. वाह पेडल नवशिक्याच्या हाती (म्हणजे पायी) लागला की तो नेमका त्या गृहस्थांसारखा वागतो. समेवर एकदा 'वा' म्हणणं ज्याला साधतं त्याने तो घ्यावा. भाच्याला सम कुठे येते हे अजून माहीत नव्हतं. वाह रद्द.

कोरसबद्दल फार लिहायला नको. एकच सूर किंचित मागे-पुढे आणि किंचित वर-खाली करून मूळ सुरात मिसळायचा, की पुष्कळ जण वाजवत असल्याचा भास होतो. गणपतीत पंचवीस जण आरती म्हणतात, प्रत्येकाची पट्टी आपापली आणि सुरुवात शेजाऱ्यापेक्षा थोडी उशिरा. तो आवाज ज्याला फुकट मिळतो त्याने पैसे का घालावेत? फ्लँजर त्याचाच चुलतभाऊ. दोन टेपरेकॉर्डर बरोबर चालवून एकाच्या चकतीच्या कडेला बोट लावायचं, अशा खोडीतून तो निघाला. चार मिनिटं मजा येते. फेझरही त्याच वाड्यातला. काँप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि त्यामानाने बारीक आवाज वर आणतो. आमच्या शाखेत हे काम युनियन करते.

रिव्हर्ब म्हणजे गाभाऱ्यातला घुमारा. बहुतेक अँपमध्ये तो आधीच दिलेला असतो. घरात एक गाभारा असताना दुसरा बांधू नये.

डिलेच्या बाबतीत मात्र मी पूर्वग्रह घेऊन गेलो होतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात निवेदकाच्या माईकला जो एको असायचा, तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही. "रसिकहो... सिकहो... कहो..." डिले पेडल तेच करतो, वाजवलेलं ठरावीक वेळाने परत ऐकवतो. पण त्यातला 'ठरावीक वेळ' हा शब्द मी नीट वाचला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. एका मिनिटात साठ हजार मिलिसेकंद. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर भागाकार करा, एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण भाग ३७५. डिले ३७५ वर ठेवून सरळ आठ-आठ सूर वाजवले की परत येणारे सूर मधल्या फटीत जाऊन बसतात आणि एक माणूस दोघांचं वाजवतो. आयर्लंडच्या यू-टू या संचातला एज हा गिटारवादक याच हिशेबासाठी प्रसिद्ध आहे. पण हे कधी? वाजवणारा लयीत असेल तर. लय हलली की परत येणारा प्रत्येक सूर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून तुमच्याविरुद्ध जबानी देतो. ही डबी काही झाकत नाही. तबला शिकवणाऱ्या मास्तरांसारखी ती वागते, फक्त चहा पीत नाही. डिलेच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली.

ज्यांना वाटतं हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, त्यांनी 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) आठवावा. त्यातलं 'दम मारो दम' ज्या गिटारने सुरू होतं ती भूपिंदर सिंगांनी वाजवली होती, आणि ते गायलं सांगलीच्या मुलुखात जन्मलेल्या आशाबाईंनी. तेव्हा आमच्या बाजूच्या मंडळींनी फार नाकं मुरडू नयेत.

अकराच्या अकरा डब्यांत एक डबी नव्हतीच, आणि माझ्या मते पहिली तीच हवी. ट्यूनर. ती आवाज काढत नाही. उलट पाय दिला की बहुतेक ट्यूनर गिटारचा आवाज बंद करतात आणि कुठली तार चढली, कुठली उतरली ते दिव्यांनी दाखवतात. तंबोरा जुळवल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही. गिटारवाला मात्र बेसूर तारा फझमध्ये घालून मोकळा होतो. ट्यूनरवर कोणी भाळत नाही, त्याचं चित्र भिंतीवर लावत नाही. अशी माणसं आमच्या शाखेतही आहेत, दिवसाची गोळाबेरीज त्यांच्यामुळे जुळते.

दुपारी दुकानात गेलो. या दुकानांत पेडल वाजवून दाखवायला एक मुलगा असतो, आणि पेडल विकले जातात ते त्या मुलाच्या बोटांमुळे. त्याने डिस्टॉर्शन लावून वाजवलं, छान. वाह लावून वाजवलं, छान. भाच्याचे डोळे मोठे होत चालले. मी म्हटलं, "बाळ, आता सगळं बंद करून तेच वाजव बघू." त्याने सगळं बंद केलं आणि तेच वाजवलं. तेही छानच होतं. किंबहुना जास्तच, कारण आता त्याच्या बोटाखाली तार कशी वाकते ते ऐकू येत होतं.

मग तो भाच्याला म्हणाला, "घे, तू वाजव. क्लीनवरच राहू दे."

भाच्याने गिटार घेतली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, क्लीन नको. क्लीनमध्ये माझं सगळं ऐकू येतं."

अकरा पेडलांची यादी कशासाठी होती ते मला तिथं उभ्या उभ्या समजलं. त्याला टोन नको होता, पांघरूण हवं होतं. अशी मुलं मी पाहिलेली आहेत. वर्षभर पांघरुणं घेत राहतात, आणि एक दिवस वीज गेली, अँप बंद पडला, की उघड्या गिटारवर स्वतःचा हात ऐकतात आणि ती गिटार कपाटावर जाते. परत खाली येते ती घर बदलताना. पंधरा हजारांचं मला तेवढं वाटत नव्हतं.

दुकानात मी काही बोललो नाही, चार लोकांसमोर बोलायची ती गोष्ट नव्हती. त्या मुलाला मात्र बहुधा ऐकू गेलं. त्याने दुसरी गिटार उचलली, भाच्यासमोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "एफ बसत नाही ना? मला सहा महिने बसत नव्हती. अंगठा मागे बघ कुठे ठेवलायस." पंधरा-वीस मिनिटं दोघं त्या एफवर होते. दुकानदार काउंटरवरून पाहत होता, त्याने हरकत घेतली नाही. मी बाहेर जाऊन भडंग घेऊन आलो.

खरेदी झाली ती अशी : ट्यूनर एक, हळू छेडल्यावर गप्प बसणारा ओव्हरड्राइव्ह एक, साधा डिले एक. शिवाय एक अडॅप्टर. या बाबतीत नवशिक्यांनी डोळे उघडे ठेवावेत. बहुतेक पेडल नऊ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो, पण अपवाद आहेत. घरात पडलेला कुठला तरी अडॅप्टर खुपसला तर पेडल जन्माला येताच वारू शकतो. प्रत्येक डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर ते लिहिलेलं असतं. बारीक अक्षरं वाचावीत, हे बँकेतला माणूस सांगतो आहे, जिथे ती कोणी वाचत नाही. जोडणीचा क्रमही सांगून ठेवतो : गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले, अँप. डिले आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर लावला तर परत येणारे सूरही खरखरतात आणि सगळ्याचा लगदा होतो. ज्यांना लगदा आवडतो ते लावतात, त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

दोन हजारांच्या आसपास रक्कम उरली. ती मी भाच्याच्या आईच्या हातात न देता त्याच्याच हातात दिली. दर रविवारी त्या दुकानातल्या मुलाकडे शिकायला जायचं त्याने ठरवलं होतं, त्याची पहिल्या महिन्याची फी.

परवा बहिणीचा फोन आला. ओव्हरड्राइव्हची डबी टेबलावर आहे, तिच्यावर पेन ठेवतो म्हणाली. संध्याकाळी तासभर क्लीनवर एफ, सी, जी, परत एफ. मी म्हटलं, "मग शेजारी खूष असतील."

"कसले खूष! देशपांडे वहिनी काल येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, आधी काय वाजवतोय तेच कळत नव्हतं, ते बरं होतं. आता कुठे चुकतो ते कळतं, आणि मीही स्वयंपाक सोडून वाट बघत बसते, या खेपेला बसतेय का म्हणून."